वीस-वीस-वीस : आडम मास्तरांचं बोलणं

आपल्याकडे वक्तृत्वावरचा लेख बहुतेक किश्श्यांवर संपतो. अत्र्यांनी कुणाला काय उत्तर दिलं, बाळासाहेबांनी शिवाजी पार्कावर कुणाची नक्कल केली, अमुक प्राचार्य हातात चिठ्ठी न घेता दीड तास कसे बोलले. किस्सा संपतो, सगळे हसतात आणि वक्ता मोठा होता हे सिद्ध झालं असं धरलं जातं. पण त्या दीड तासात समोर बसलेल्या माणसाच्या पदरात काय पडलं? घरी जाऊन त्यातलं काय तो शेजाऱ्याला सांगू शकला? ही चौकशी आपली समीक्षा करत नाही. कवितेच्या बाबतीत आपण इतके ढिले नसतो. तिथे ओळ ओळ तपासतो. भाषण मात्र टाळ्यांवर सोडून देतो.

मला नरसय्या आडम यांच्या बोलण्याबद्दल लिहायचं आहे. सोलापुरात त्यांना आडम मास्तर म्हणतात. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे, दत्तनगरच्या लाल बावटा कार्यालयातले. १९७८, १९९५ आणि २००४ अशा तीन वेळा ते सोलापूर शहर दक्षिणमधून आमदार झाले. २००९ पासून शहर मध्य मतदारसंघातून उभे राहत गेले आणि हरत गेले. आधी तीन वेळा प्रणिती शिंदे जिंकल्या, २०२४ला देवेंद्र कोठे. याच काळाच्या अलीकडे-पलीकडे कुंभारीच्या माळावर विडी कामगार बायकांची दहा हजार घरं उभी राहिली आणि पुढे तीस हजार घरांचा रे नगर प्रकल्प आला. निवडणुकीत पडणाऱ्या माणसाने शहराच्या शेजारी दुसरं शहर वसवायचं, हे राजकारणाच्या नेहमीच्या हिशेबात बसत नाही. 'संघर्षाची मशाल हाती' हे त्यांचं आत्मचरित्र आहे. पण माझा विषय पुस्तक नाही, बोलणं आहे.

आधीच सांगते, मी तटस्थ नाही. त्या दहा हजारांतलं एक घर आमचं आहे. आजी विड्या वळायची, आई वळायची, आणि मी अभियांत्रिकीची पदवी घेऊन चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सॉफ्टवेअर सांभाळते. घरी तेलुगू, शाळेत मराठी, कामावर हिंदी आणि जमेल तसं इंग्रजी. सोलापुरात यात विशेष काही नाही, पण माझा मुद्दा इथूनच निघतो.

विडी कामगारांच्या सभेत पद्मशाली बायका तेलुगू बोलणाऱ्या, मुस्लिम वस्त्यांतल्या बायका दखनी, काही कन्नड, काही मराठी. अशा गर्दीपुढे अत्रे उभे राहिले असते तर त्यांचं निम्मं सामर्थ्य वाया गेलं असतं. शाब्दिक कोटी एका भाषेतच जगते. शेजारच्या भाषेत नेली की मरते. बाळासाहेबांची ठाकरी भाषाही अशीच. तिला तोच मुहल्ला, तीच शिवी, तोच सिनेमा माहीत असणारा श्रोता लागतो. मास्तर मराठीतून तेलुगूत जातात, तेलुगूतून परत येतात, आणि या येण्याजाण्यात काय टिकतं हे मी पुष्कळदा कान देऊन ऐकलं आहे. विनोद टिकत नाही. उपमा अर्धवट टिकते. आकडा पूर्ण टिकतो. वीसला 'इरवै' म्हणा की 'बीस' म्हणा, वीसच राहतात.

गोदूताई परुळेकर वसाहतीचा आकडा होता वीस-वीस-वीस. साठ हजारांचं घर. वीस हजार केंद्र सरकारचे, वीस हजार राज्य सरकारचे, वीस हजार बाईचे. एवढंच. आमच्या घरात हे तीन शब्द एखाद्या मंत्रासारखे म्हटले जायचे आणि मंत्रासारखेच ते कुणाला समजावून सांगावे लागत नसत. आजीला सही करता येत नव्हती. पण विडीच्या धंद्यात निरक्षर बाईसुद्धा आकड्यात पक्की असते, कारण तिला तसं असावंच लागतं. मजुरी हजारावर. पंचवीस-पंचवीसचे कट्टे. पान किती दिलं, त्यातलं फाटकं किती निघालं, तंबाखू कमी पडली तर आपल्या पैशाची किती घातली, कारखान्यात विड्या देताना किती बाद केल्या आणि त्या बाद केलेल्या विड्या गेल्या कुठे. आजी दिवसभर सूप मांडीवर घेऊन हाच हिशेब करायची. वीस-वीस-वीस तिला कळलं, कारण ते तिच्याच भाषेत होतं. ही भाषा तेलुगू नव्हती, मराठीही नव्हती. हजारावरच्या मजुरीची होती.

यात आणखी एक खोली होती. केंद्राचे पैसे कल्याण निधीतून येत आणि १९७६च्या कायद्याने तो निधी विडीवरच्याच उपकरातून भरत होता. म्हणजे दर हजार विड्यांमागे ठराविक रक्कम दिल्लीत जमा होत होती. ती रक्कम विकत घेणाऱ्याच्या खिशातून जात असेल, पण मोजली जात होती बाईने वळलेल्या हजारावर. सरकारपुढे हात पसरायचा नाही, आपल्याच विडीचे पैसे परत मागायचे, असं म्हणायला इथे जागा होती. चांगला वक्ता अशी जागा शोधतो. कायद्याच्या कलमात पडलेली गोष्ट उचलून तो मांडीवरच्या सुपात आणून ठेवतो. (२०१७ला जीएसटी आला आणि हा उपकर गेला. त्या बातमीचा आमच्या वसाहतीत फारसा आवाज झाला नाही. आवाज करायला हवा होता असं मला वाटतं.)

वसाहतीचं नाव गोदूताईंचं आहे, याकडे साहित्याच्या वाचकाचं लक्ष जायला हवं. वारल्यांच्या लढ्यावरच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकाला १९७२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्या लेखिकेचं नाव दहा हजार घरांच्या पत्त्यात, रेशनकार्डावर, आधारवर आलं आहे. महाराष्ट्रात आणखी कोणत्या गद्यलेखिकेच्या वाट्याला हे आलं असेल, मला आठवत नाही. वसाहतीतल्या किती जणांनी ते पुस्तक वाचलं आहे हे विचारू नका.

आता एक लांबचं उदाहरण घेते, कारण जवळचं नीट दिसायला कधीकधी ते लागतं. विल्यम जेनिंग्ज ब्रायन हा अमेरिकेतल्या नेब्रास्काचा वकील. १८९६च्या जुलैत शिकागोत डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं होतं. छत्तीस वर्षांचा हा माणूस बोलायला उभा राहिला आणि दुसऱ्या दिवशी पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार झाला. 'सोन्याचा क्रूस' या नावाने ते भाषण ओळखलं जातं. मायक्रोफोन नव्हता, हजारोंच्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणं हीच निम्मी कला होती. पॉप्युलिस्ट म्हणवणाऱ्या पीपल्स पार्टीनेही त्यालाच उमेदवार केलं. त्या लोकांनी हा शब्द स्वतःसाठी अभिमानाने घेतला होता. आपण त्याचं मराठी 'लोकानुनयी' असं केलं आणि शब्दातच शिवी भरून टाकली. मग चर्चा करायला उरतं काय?

ब्रायनच्या मोहिमेचा प्राणही एक आकडाच होता : सोळास एक. सोळा भार चांदी बरोबर एक भार सोनं, या दराने सरकारने चांदीची नाणी पाडावीत. कारण साधं होतं. शेतकऱ्याने कर्ज काढलं तेव्हा गव्हाला जो भाव होता तो पुढच्या वर्षांत पडत गेला. कर्जाचा आकडा तोच, पण तो फेडायला लागणारी पोती वाढत गेली. चलन वाढलं तर भाव वाढतील आणि कर्ज हलकं होईल. दुखणं खरं होतं. पण बाजारात तेव्हा एका भार सोन्याला चांदी मिळत होती सुमारे तीस भार. सोळाचा दर लावला तर काय होईल, यावर अर्थतज्ज्ञ भांडत होते. नेब्रास्कातला शेतकरी ते ताडून पाहू शकत नव्हता. त्याला विश्वास ठेवावा लागत होता.

माझ्या दृष्टीने लोकांचा वक्ता तपासायची जागा ही आहे. तो भावनेला हात घालतो का, हा प्रश्न निरुपयोगी आहे. सगळेच घालतात, अर्थमंत्रीसुद्धा. तो जो आकडा हातात देतो, तो श्रोत्याला घरी जाऊन स्वतः तपासता येतो का? सोळास एक ही श्रद्धेची गोष्ट होती. वीस-वीस-वीस ही पासबुकाची. बाईला तिचे वीस हजार कुठे भरले, पावती कुठे आहे, उरलेले चाळीस आले की नाही आणि आले नसतील तर कुणाच्या टेबलावर अडकले, हे विचारता येत होतं. आणि बायका विचारत होत्या. मोर्चे त्यासाठीच निघत होते. भाषण संपल्यावरही चालू राहणारं भाषण मी याला म्हणते.

ब्रायन १८९६ला हरला, १९००ला हरला, १९०८ला हरला. पण प्राप्तिकर आणि सिनेटरांची थेट निवड या त्याच्या बाजूच्या मागण्या १९१३ला घटनादुरुस्त्या होऊन आल्या. थेट निवडीच्या दुरुस्तीची घोषणा तर त्यानेच केली, कारण तोवर तो विल्सनच्या मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री झाला होता. १९२५ला मात्र तो टेनेसीच्या डेटन गावात, शाळेत उत्क्रांतिवाद शिकवणाऱ्या एका तरुण शिक्षकाविरुद्धच्या खटल्यात सरकारी बाजूने उभा होता. निकालानंतर पाच दिवसांत वारला. लोक आज त्याला जास्त करून त्या खटल्यातला हट्टी म्हातारा म्हणून ओळखतात. १९२०च्या दशकात त्याने 'सोन्याचा क्रूस'चा काही भाग ध्वनिमुद्रित केला होता. तो नेटवर सापडतो. सकाळच्या बसमध्ये इअरफोन लावून मी ऐकला. एक वृद्ध माणूस सावकाश, नीट उच्चार करत पाठ म्हणून दाखवतो आहे. सभागृह नाही, उत्तर देणारं कुणी नाही. छापील नाटक वाचून प्रयोगाची कल्पना करावी तसं झालं.

मागणी पुरी झाल्यावर वक्त्याचं काय होतं? ब्रायनपेक्षा सोलापुरात हा प्रश्न जास्त टोकदार आहे. ९ जानेवारी २०१९ला पंतप्रधान मोदींच्या हस्ते सोलापुरात तीस हजार घरांच्या प्रकल्पाची पायाभरणी झाली. त्या कार्यक्रमात आडम मास्तरांनी मोदी आणि फडणवीस यांचं कौतुक केलं. मार्चमध्ये पक्षाने त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिन्यांसाठी निलंबित केलं. १९ जानेवारी २०२४ला मोदी परत आले आणि पंधरा हजार घरांचं लोकार्पण झालं.

यावर दोन्हीकडची मतं ऐकून ऐकून आम्हा वसाहतवाल्यांना पाठ झाली आहेत. एक म्हणतं, मास्तर विकले गेले. दुसरं म्हणतं, घर महत्त्वाचं, कुणाच्या हातून आलं याच्याशी काय देणंघेणं. पहिलं मत मला खोटं वाटतं. गोदूताई वसाहतीच्या किल्ल्या २००६ला मनमोहन सिंग यांच्या हस्ते दिल्या गेल्या. तेव्हाही पंतप्रधान काही लाल बावट्याचा नव्हता. ज्याच्याकडे तिजोरी, त्याच्याकडे जावंच लागतं. कामगारांचा पुढारी सरकार बदलेपर्यंत थांबू शकत नाही, बायका भाडं भरत असतात.

दुसरं मत मात्र अर्धवट आहे, आणि इथे मास्तरांच्या बोलण्यावर माझी तक्रार आहे. ती व्याकरणाची आहे. आमच्याकडे बायका म्हणतात, 'आम्हाला घर मिळालं.' तेलुगूत म्हणतात 'इल्लु वच्चिंदि', घर आलं. दोन्ही वाक्यांत करणारा कुणी नाही. कर्त्याची खुर्ची रिकामी आहे. वीस-वीस-वीसच्या काळात मास्तरांचं भाषण ही खुर्ची पुन्हा पुन्हा भरत होतं : आपण भरले, आपण मागितले, आपण मोर्चा नेला, आपण घेतलं. घेणं आणि मिळणं या दोन क्रियापदांमधलं अंतर राखणं हेच त्यांचं खरं काम होतं, घरांपेक्षाही. २०१९च्या व्यासपीठावर जे घडलं ते एवढंच की रिकामी खुर्ची पाहुण्याला देण्यात आली. पाहुणा बोलण्यात कसलेला. तो बसला. मग घर भेट झालं आणि भेट देणाऱ्याचं नाव ठरलं. पक्षाने कौतुकाबद्दल शिक्षा केली. माझ्या मते चूक कौतुकात नव्हती, कर्ता सोडून देण्यात होती.

आकडाही तोवर बदलला होता. पंतप्रधान आवास योजनेत केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख आणि उरलेला भार बाईवर. म्हणजे कर्ज, बँक, हप्ते, कागद. हा हिशेब चुकीचा नाही, पण तीन शब्दांत मावत नाही. आजी तो म्हणू शकली नसती. मग भाषणात दुसराच आकडा पुढे येतो : तीस हजार घरं, असंघटित कामगारांची देशातली सर्वांत मोठी वसाहत. ऐकायला भारदस्त आहे, पण तो ताडून पाहायचा कुणी आणि कशाने? एका बाईचं घर एक असतं. तीस हजार हा आकडा व्यासपीठाचा आहे, पाहुण्याला सांगण्याचा. त्या दिवशी सोळास एक आणि वीस-वीस-वीस यांतलं अंतर मला थोडं कमी झाल्यासारखं वाटलं.

आणि मतं? मतं घरांच्या मागोमाग आली नाहीत, यावर सोलापुरात लोक हळहळतात किंवा हसतात. कृतघ्न म्हणतात आम्हाला. मला ती कृतघ्नता वाटत नाही. कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात आहे. जी बाई शहर सोडून वसाहतीत राहायला गेली, तिने नाव तिकडे हलवलं असेल तर ती शहरातली मतदारच राहिली नाही. घर देऊन पुढाऱ्याने स्वतःचाच मतदारसंघ पातळ केला, असं थोडं झालं असेल तर त्यात विनोद आहे, पण तो पुढाऱ्याच्या बाजूचा विनोद आहे. मतांवर डोळा ठेवून बोलणारा माणूस असं काम करत नाही.

मी काम करते ती चिंचोळी शहराच्या बरोबर उलट्या टोकाला, पुणे रस्त्यावर. मोहोळ तालुका. सकाळी एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाताना बस दोन जमान्यांमधून जाते, असं मला वाटत राहतं. जुन्या गिरण्यांच्या काळापासून सोलापूरच्या कामगार वक्त्याला एक रंगमंच होता : गेट. पाळी सुटली की हजारो माणसं एकाच दाराने बाहेर यायची आणि तिथे स्टुलावर उभं राहिलं तरी सभा व्हायची. गेट मीटिंग हा एक वाङ्मयप्रकारच होता. वेळ दहा मिनिटं, श्रोता भुकेला, बोलायचं ते थेट. विडीचं गेट वेगळं, कारखान्यात विड्या द्यायला आलेल्या बायकांची रांग. पण रांग तरी होती.

चिंचोळीत गेट आहे, गर्दी नाही. आमच्याकडे हजेरीची यंत्रणा मी बघते, म्हणून हे मला आतून दिसतं. दारातून आत येणारी माणसं माझ्या पडद्यावर पाच वेगवेगळ्या याद्यांमध्ये पडतात. पाच कॉन्ट्रॅक्टर, पाच कोड. एकाच मशिनवर शेजारी-शेजारी उभे असलेले दोघे वेगळ्या यादीत असतात, त्यांचा पगार वेगळ्या तारखेला होतो, कपातीही सारख्या नसतात. या सगळ्यांची मिळून एक बेरीज दाखवणारा रिपोर्ट कुणी कधी मागितलेला नाही. तो तयार करायला दहा मिनिटं लागतील. आजच्या तरुण कामगारांना भाषणं ऐकायची सवय राहिली नाही, मोबाइलमध्ये डोकं असतं, असं जुने कार्यकर्ते म्हणतात. असेलही. पण उद्या मास्तरांच्या ताकदीचा वक्ता इथे उभा केला तरी त्याने कोणता आकडा सांगायचा? सगळ्यांना लागू पडेल असा एकही आकडा या दारात शिल्लक नाही. गर्दीच्या आधी आकडा फुटला आहे.

गेल्या महिन्यात पॅकिंगमधल्या एका मुलाने कॅन्टीनमध्ये मोबाइलवरची पगार स्लिप पुढे केली आणि विचारलं, "मॅडम, हे कशाचे कापलेत?" मी पेपर नॅपकिनवर लिहून दिलं : मूळ पगार इतका, त्याच्या बारा टक्के पीएफ, एकूण पगाराच्या पाऊण टक्का ईएसआय. उरलेल्या तिसऱ्या कपातीचं नाव स्लिपवर नव्हतं, तिथे मी प्रश्नचिन्ह काढलं. त्याने बारा टक्के मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करून पाहिले. जमले. पाऊण टक्का करून पाहिला. तोही जमला. मग तो प्रश्नचिन्हाकडे बघत बसला. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचे दोघे आपापले मोबाइल घेऊन आले. त्याने नॅपकिनचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. ग्रुप त्यांच्या कॉन्ट्रॅक्टरच्या पोरांचा आहे, अठ्ठावीस जणांचा. आलेल्या दोघांतला एक दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरचा निघाला. त्याला फोटो वेगळा पाठवावा लागला.